घशाला ठसका लावणारे दोन टक्के

एका मित्राने हौसेने 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ऑलिव्ह तेलाची बाटली आणली, चमचाभर तेल तसेच चाखले आणि खोकत सुटला. जिभेवर कडू, आणि गिळल्यावर दोन क्षणांनी घशात मिरी अडकल्यासारखा ठसका. त्याने लगेच निकाल दिला: भेसळ. बाटली परत करायला निघालेल्या त्याला थांबवताना मला जे सांगावे लागले, तेच इथे जरा नीट मांडतो आहे. तो ज्याला खोट समजत होता, त्याच गोष्टीसाठी खरे तर त्याने पैसे मोजले होते.

गेल्या काही वर्षांत हे तेल सतत बातम्यांत आहे. जगातला सर्वांत मोठा उत्पादक स्पेन. तिथे २०२१-२२च्या हंगामात सुमारे १५ लाख टन तेल निघाले होते, पुढच्याच हंगामात दुष्काळामुळे ते साडेसहा लाख टनांच्या आसपास आले आणि जगभर भाव भडकले. वस्तू महाग झाली की तिच्याभोवतीचे दावेही फुगतात. 'अँटिऑक्सिडंटचा खजिना', 'पॉलिफेनॉलने समृद्ध' वगैरे. या शब्दांमागे रसायनशास्त्र किती आणि जाहिरात किती, ते पाहू.

बाटलीत असते तरी काय?

कोणत्याही खाद्यतेलाचा बहुतेक भाग ट्रायग्लिसराइड नावाच्या रेणूंचा असतो. ग्लिसरॉलची एक छोटी खुंटी आणि तिला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या, असे या रेणूचे रूप. शेपट्या म्हणजे मेदाम्ले. ऑलिव्ह तेलाचा सुमारे ९८ टक्के भाग हाच.

तेलातेलांत फरक पडतो तो शेपट्यांमुळे. मेदाम्ल ही कार्बनची साखळी असते. सगळे कार्बन एकेरी बंधाने जोडलेले असतील तर शेपटी सरळ राहते, रेणू एकमेकांना खेटून बसतात आणि पदार्थ घट्ट होतो. ते संपृक्त मेदाम्ल. मध्येच कुठे दुहेरी बंध असेल तर तिथे शेपटीला बाक येतो, रेणूंना खेटून बसता येत नाही, पदार्थ पातळ राहतो. ते असंपृक्त.

ऑलिव्ह तेलात राज्य चालते ते ओलिइक आम्लाचे. १८ कार्बनची साखळी आणि बरोबर मधोमध एकच दुहेरी बंध. जात, हवामान आणि फळाची पक्वता यांनुसार त्याचे प्रमाण ५५ ते ८३ टक्क्यांपर्यंत असते. त्याखालोखाल संपृक्त पामिटिक आम्ल आणि दोन दुहेरी बंधांचे लिनोलिइक आम्ल. या दोघांचे आकडेही तेलागणिक बरेच हलतात, पण साधारणपणे दोन्ही २० टक्क्यांच्या आत-बाहेर थांबतात. तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल जेमतेम एक टक्का.

जाता जाता: 'ओलिइक' हे नाव लॅटिनमधल्या तेलाच्या शब्दावरून आले, आणि तो शब्द मुळात ऑलिव्हचा. आपला 'तेल' हा शब्द तिळावरून आला, तसेच हे. नाव आधी एकाचे, मग सगळ्या जातभाईंचे.

ओलिइक आम्ल चांगलेच. पण ऑलिव्हची थोरवी फक्त त्यात असती, तर विषय इथेच मिटला असता. मुद्दाम पैदास केलेल्या काही सूर्यफुलांच्या तेलात ओलिइक आम्ल ८० टक्क्यांच्या वर असते. आणि साध्या, रिफाइन केलेल्या ऑलिव्ह तेलातही ते एक्स्ट्रा व्हर्जिनइतकेच असते. तरी ही तेले सारखी नाहीत. फरक उरलेल्या दोन टक्क्यांत आहे. ते समजायला आधी तेल बिघडते कसे, हे पाहावे लागेल.

तेल खवट का होते?

खवटपणा हा हवेतल्या ऑक्सिजनचा उद्योग. उजेड, उष्णता किंवा धातूचा सूक्ष्म अंश यांच्या धक्क्याने एखाद्या मेदाम्लाचा एक हायड्रोजन निसटतो. मागे उरतो तो फ्री रॅडिकल, म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन एकटा पडला आहे असा अस्वस्थ रेणू. तो चटकन ऑक्सिजन पकडतो आणि मग शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन हिसकावून स्वतः शांत होतो. पण शेजारी आता रॅडिकल झालेला असतो. तो त्याच्या शेजाऱ्याला तेच करतो. खो मिळालेला गडी उठून पुढच्याला खो देतो, तसा हा खेळ सुरू राहतो. फरक एवढाच की इथे कुणी शिट्टी वाजवत नाही. या साखळीला ऑक्सिडीकरण म्हणतात. त्यात तयार झालेले पेरॉक्साइड पुढे तुटतात आणि छोटे, उडून जाणारे रेणू सुटतात. जुन्या तेलाचा तो ओळखीचा वास त्यांचाच.

हायड्रोजन किती सहज निसटेल, ते दुहेरी बंधांवर ठरते. एका दुहेरी बंधाशेजारचा हायड्रोजन थोडा सैल असतो. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेला फारच सैल. म्हणून लिनोलिइक आम्ल ओलिइकपेक्षा साधारण दहापट किंवा त्याहूनही वेगाने ऑक्सिडीकृत होते. ऑलिव्ह तेल टिकते त्याचे पहिले कारण हे: त्यात सहज खो घेणारे गडीच कमी.

दुसरे कारण म्हणजे अँटिऑक्सिडंट. हा खो घेतो, पण पुढे देत नाही. तो आपला हायड्रोजन रॅडिकलला सहज देऊन टाकतो. त्यामुळे तो स्वतः रॅडिकल बनतो हे खरे, पण एकटा पडलेला इलेक्ट्रॉन तो आपल्या कड्यासारख्या रचनेत पसरून घेतो, त्यामुळे चवताळत नाही. साखळी तिथे तुटते.

या शब्दाभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे. तेलातले अँटिऑक्सिडंट आधी तेलाला वाचवतात. आपल्या शरीरात ते काय करतात हा वेगळा प्रश्न, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

दोन टक्क्यांतली मंडळी

या छोट्या भागात दोनशेच्या वर निरनिराळी द्रव्ये सापडतात. सगळ्यांची हजेरी घेत नाही.

स्क्वालीन हे एक हायड्रोकार्बन. त्याचे नाव शार्कच्या एका वंशावरून पडले, कारण १९०६च्या सुमारास जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना ते शार्कच्या यकृताच्या तेलात सापडले. वनस्पती तेलांत त्याचे मोठे प्रमाण मोजक्याच ठिकाणी आढळते, त्यात ऑलिव्ह अग्रभागी. आपल्या त्वचेच्या तेलकटपणातही स्क्वालीन असतेच. मग बीटा-सिटोस्टेरॉलसारखे वनस्पती स्टेरॉल. ई जीवनसत्त्व, बहुतेक अल्फा-टोकोफेरॉलच्या रूपात, किलोमागे साधारण १०० ते ३०० मिलिग्रॅम. हा भरवशाचा अँटिऑक्सिडंट खरा, पण ऑलिव्हची खासियत नव्हे; इतर तेलांतही तो भरपूर असतो.

हिरवा रंग देणारे क्लोरोफिल मात्र दुटप्पी. अंधारात ते निरुपद्रवी असते. उजेड पडला की त्याची ऊर्जा ते ऑक्सिजनला देते आणि त्याचे एक आक्रमक रूप तयार होते, सिंगलेट ऑक्सिजन. लिनोलिइक आम्लावर तो साध्या ऑक्सिजनपेक्षा हजारपटीहून जास्त वेगाने तुटून पडतो. पारदर्शक बाटलीत सुंदर हिरवे दिसणारे तेल त्या सौंदर्याची किंमत अशी मोजते.

आता मुख्य पात्र: फिनॉल. कार्बनच्या षटकोनी कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे ओएच, चिकटलेली असते ते फिनॉल. अशी अनेक द्रव्ये मिळून 'पॉलिफेनॉल' हा बाजारातला शब्द सैलपणे वापरला जातो. कच्च्या ऑलिव्हमध्ये ओलियुरोपिन नावाचे फिनॉल इतके असते की झाडावरचे फळ तोडून खाताच येत नाही, कडू जहर. मिठाच्या पाण्यात किंवा क्षारात मुरवल्यावरच ते खाण्याजोगे होते. किडी आणि बुरशीपासून बचावासाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे.

फळ दळले की पेशी फुटतात, विकरे (एन्झाइम) मोकळी होतात आणि ओलियुरोपिनचे तुकडे पडतात. त्यातून ओलिएसिन, ओलिओकॅन्थाल, हायड्रॉक्सिटायरोसॉल, टायरोसॉल अशी मंडळी जन्माला येतात. (ओलिओकॅन्थाल आणि टायरोसॉल यांचा उगम ओलियुरोपिनच्या लिगस्ट्रोसाइड नावाच्या सख्ख्या भावंडातून होतो, पण एवढे लक्षात ठेवायची गरज नाही.) हायड्रॉक्सिटायरोसॉलच्या कड्यावर दोन ओएच शेजारी शेजारी असतात. एकाने हायड्रोजन दिला की दुसरा त्याला आधार देतो, म्हणून तो फार चांगला अँटिऑक्सिडंट. टायरोसॉलवर असा ओएच एकच, आणि त्याचा प्रभाव बराच कमी. नावात फरक थोडा, कामात मोठा.

खरी अडचण पुढे आहे. ही द्रव्ये तेलापेक्षा पाण्यात जास्त रमतात. त्यामुळे दळलेल्या लगद्यातून तेल वेगळे काढताना बहुतेक फिनॉल पाण्यात आणि चोथ्यात निघून जातात. फळातल्या एकूण फिनॉलपैकी दोन टक्क्यांहूनही कमी तेलापर्यंत पोचतात. म्हणजे दोन टक्क्यांतला हा आणखी लहान हिस्सा: किलोमागे कधी ५०, कधी हजारच्या आसपास मिलिग्रॅम. एवढा फरक एकाच नावाच्या तेलात!

ठसक्याचा शोध

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियामध्ये मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर ही चव आणि गंध यांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथले गॅरी बोशॅम्प १९९९ साली सिसिलीतल्या एरिचे गावी एका परिषदेला गेले होते. तिथे त्यांनी ताजे ऑलिव्ह तेल चाखले आणि घशात जी झोंबी आली ती त्यांना ओळखीची वाटली. द्रवरूप आयब्युप्रोफेनच्या चवीवर त्यांनी पूर्वी काम केले होते. वेदनाशामक गोळीतले हे औषध घशात अगदी तसेच झोंबते.

त्या ठसक्याचे कारण असलेला रेणू त्यांच्या गटाने शोधला, प्रयोगशाळेत तयार करून तपासला आणि २००५ साली 'नेचर' नियतकालिकात ते काम आले. रेणूला नाव दिले ओलिओकॅन्थाल. नावाच्या मधल्या तुकड्याचा अर्थ काट्यासारखे टोचणे. आयब्युप्रोफेन शरीरातल्या ज्या विकरांना रोखते त्यांनाच हाही रोखतो, असे दिसले. पुढे हेही कळले की या रेणूला प्रतिसाद देणारा संवेदक घशात आहे, तोंडाच्या बाकी भागात तसा नाही. म्हणून जीभ स्वस्थ आणि घसा त्रस्त.

पण लगेच गोळीऐवजी तेल प्यायला निघू नका. त्याच संशोधकांच्या हिशोबानुसार रोज ५० ग्रॅम तेल घेतले तर आयब्युप्रोफेनच्या प्रौढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याइतका परिणाम अपेक्षित. ५० ग्रॅम तेल म्हणजे साडेचारशे कॅलरी. डोकेदुखीवर हा इलाज महागात पडेल, आणि पैशांनीच नव्हे.

'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिले की झाले?

नाही. 'व्हर्जिन' म्हणजे फळातून फक्त यांत्रिक रीतीने, रसायने न वापरता काढलेले तेल. त्यातले 'एक्स्ट्रा' ठरवायला आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेचे (मुख्यालय माद्रिद) निकष आहेत. मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे खुंटीवरून निखळून सुटी पडलेली मेदाम्ले किती, याचे मोजमाप. फळ सडके, किडके किंवा बराच वेळ पडून राहिलेले असेल तर ती वाढते. या आम्लतेचा आंबट चवीशी काहीही संबंध नाही. चाखून ती कळत नाही. पेरॉक्साइडची मर्यादा २०, म्हणजे खो-खो किती रंगला आहे याची नोंद. आणि शेवटी प्रशिक्षित चाखणाऱ्यांची समिती. एकही दोष आढळता कामा नये आणि फळाचा स्वाद जाणवला पाहिजे. कडूपणा आणि झोंबणे यांची नोंद ही मंडळी दोष म्हणून करत नाहीत, गुण म्हणून करतात. ते चाखतात निळ्या काचेच्या पेल्यातून, म्हणजे रंग दिसू नये. हिरवेगार तेल उत्तम, या समजुतीला यापेक्षा सडेतोड उत्तर काय हवे?

या सगळ्यात फिनॉलच्या किमान प्रमाणाची अट कुठेच नाही, हे मला जरा विचित्र वाटते. त्यामुळे दोन बाटल्या दोन्ही नियमानुसार एक्स्ट्रा व्हर्जिन असून एकीत फिनॉल दुसरीच्या पाचपट असू शकतात. स्पेनची पिकुआल, इटलीची कोरातिना आणि ग्रीसची कोरोनेइकी या जाती फिनॉलसाठी नावाजलेल्या; आर्बेकिना सौम्य. लवकर, हिरवे असताना तोडलेल्या फळातून तेल कमी निघते पण फिनॉल जास्त. फळ काळे होऊ दिले की उलटे. बागायतदार उतारा पाहणार की गुणवत्ता, हा निर्णय झाडावरच होतो.

ज्या तेलाची आम्लता किंवा वास बिघडलेला असतो ते रिफाइन केले जाते. क्षाराने आम्लता काढतात, मातीने रंग, आणि उष्णता व निर्वात यांनी वास. सुटे आम्ल जाते, वास जातो आणि त्यांच्याबरोबर फिनॉलही जवळजवळ सगळे जातात. त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळून जे विकतात त्यावर नुसते 'ऑलिव्ह ऑइल' असे लिहितात. 'लाइट' लिहिले असेल तर चव हलकी, कॅलरी तेवढ्याच. चोथ्यातून विद्रावक वापरून काढलेले 'पोमेस' तेल आणखी निराळे.

पोटात गेल्यावर काय?

इथे सावकाश चालावे लागते. सर्वांत जास्त तपासलेला परिणाम एलडीएलचा आहे. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. या कणांचे ऑक्सिडीकरण झाले की ते धमन्यांच्या भिंतीत साठा करू लागतात, म्हणून ते रोखणे इष्ट.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'युरोलिव्ह' प्रयोगात युरोपातल्या पाच देशांतल्या २०० निरोगी पुरुषांना रोज २५ मिलिलिटर ऑलिव्ह तेल दिले. प्रत्येकाने तीन प्रकारची तेले तीन-तीन आठवडे, अदलाबदल करून घेतली. तेले बाकी सारखीच, फक्त फिनॉल किलोमागे २.७, १६४ आणि ३६६ मिलिग्रॅम. फिनॉल जसे वाढले तसे ऑक्सिडीकृत एलडीएल कमी होत गेले आणि एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, थोडे वाढले. परिणाम लहान होते. पण प्रयोगाची मांडणी देखणी: मेदाम्ले तीच ठेवल्यामुळे श्रेय दोन टक्क्यांनाच द्यावे लागते.

अशाच पुराव्यांवरून युरोपीय संघाने २०१२ साली एक मर्यादित दावा बाटलीवर छापायला मान्यता दिली: ऑलिव्ह तेलातली पॉलिफेनॉल रक्तातल्या मेदाचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करण्यास हातभार लावतात. अट अशी की २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याच्या नातलगांचे किमान ५ मिलिग्रॅम हवे, म्हणजे किलोमागे २५० मिलिग्रॅम. सगळी एक्स्ट्रा व्हर्जिन तेले ही पायरी चढत नाहीत. आणि दाव्यात हृदयविकार हा शब्द नाही, हेही पाहून ठेवा.

हृदयविकाराबद्दल स्पेनमधला 'प्रेडिमेड' हा मोठा प्रयोग सांगितला जातो. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ७४४७ लोक, भूमध्य सागरी आहार, एका गटाला भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल, दुसऱ्याला सुकामेवा, तिसऱ्याला चरबी कमी करण्याचा सल्ला. २०१३ साली निष्कर्ष आला: पहिल्या दोन गटांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी. पुढे काही केंद्रांवर गटवाटणी नियमानुसार झाली नव्हती असे उघड झाले. २०१८ साली मूळ लेख मागे घेऊन दुरुस्त विश्लेषण छापावे लागले. निष्कर्ष साधारण तोच राहिला, भाषा मवाळ झाली. शिवाय तिथे पूर्ण आहार तपासला गेला. एकट्या तेलाला हार घालता येत नाही.

मग अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले का?

हा तर्क एकदा जोरात आपटला आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. १९९४ साली निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. ई जीवनसत्त्वाने त्यावर काही फरक पडला नाही. परीक्षानळीतला अँटिऑक्सिडंट शरीरात तसाच वागेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

फिनॉलचेही तेच. आतड्यातून आत गेल्यावर यकृत त्यांना झटपट बदलून टाकते आणि रक्तात मूळ रूपातले फारच थोडे उरते. एवढ्याशा प्रमाणात ते थेट रॅडिकल मारत हिंडत असतील असे वाटत नाही. ते पेशींच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेला जागे करत असावेत, या विचाराकडे आता संशोधकांचा कल आहे. मेंदूतल्या डोपामीनच्या विघटनातून आपल्या शरीरात थोडे हायड्रॉक्सिटायरोसॉल तयारही होते, म्हणजे हा पाहुणा अगदीच परका नाही. आणि पदार्थाची 'अँटिऑक्सिडंट शक्ती' सांगणारे आकडे दिसले तर अमेरिकी कृषी खात्याची गोष्ट आठवा: अशा आकड्यांचा तक्ता त्यांनी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण जाहिरातींत त्याचा गैरवापर होत होता आणि आरोग्याशी त्याचा संबंध दाखवता येत नव्हता.

तापवले तर सगळे वाया?

अर्धे खरे. एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण १९० ते २१० अंश सेल्सिअसच्या दरम्यान धुरायला लागते; नेहमीचे परतणे त्याच्या खाली चालते. शिवाय तापलेले तेल किती टिकेल हे नुसत्या धुरावरून ठरत नाही. ओलिइक आम्ल जास्त आणि फिनॉल सोबत असले की ते बऱ्यापैकी तग धरते. फिनॉल मात्र त्या लढाईत खर्ची पडतात, आणि हायड्रॉक्सिटायरोसॉलचे कुटुंब सर्वांत आधी. तेव्हा तापवल्याने तेल विषारी होते ही भीती निराधार. पण ज्या ठसक्यासाठी जास्त पैसे दिले तो हवा असेल तर तेल वरून, कच्चेच घालावे. मंद आचेवर थोडा वेळ परतलेले मला व्यक्तिशः मधले समाधान वाटते.

फ्रीजमध्ये गोठले तर अस्सल, ही 'चाचणी' मात्र सोडून द्या. गोठणे मेदाम्लांच्या मिश्रणावर आणि मेणासारख्या घटकांवर ठरते, शुद्धतेवर नाही.

साठवणीबाबत आता वेगळे सांगायला नको: उजेड, उष्णता, हवा. गडद बाटली, घट्ट झाकण, शेगडीपासून दूर. वापरून संपायची तारीख पाहण्यापेक्षा फळ तोडल्याची तारीख दिली असेल तर ती पाहा. फिनॉल बंद बाटलीतही हळूहळू कमी होत असतात. दारूसारखे मुरून चांगले होणे या तेलाच्या नशिबात नाही.

मित्राने बाटली शेवटी परत केली नाही. पारदर्शक काचेची ती बाटली खिडकीत छान दिसते म्हणून त्याने तिथेच ठेवली, अर्धी भरलेली. आठ महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, तुझे बरोबर होते, तेल चांगलेच निघाले. आता अजिबात झोंबत नाही.